लाहूचं पान

जमीन पहिल्यांदा गुरगुरली तेव्हा बुधी खळं सारवत होती. दिवाळी होऊन तीन-चार दिवस झाले होते. भात कापून भारे रचून ठेवले होते आणि आज शेण नीट वाळलं तर उद्यापासून झोडणी धरायची असं तिनं ठरवलं होतं. आधी तिला वाटलं, हायवेला एखादा मोठा ट्रेलर उलटला. मग घमेल्यातलं पाणी आपोआप हललं, कोंबड्या गप्प झाल्या आणि कुडाला टांगलेलं सूप हलायला लागलं. दहापर्यंत मोजावं एवढा वेळ ते चाललं आणि थांबलं.

सगळा आंबेपाडा घराबाहेर आला. वेवजी गावाच्या अंगाला असलेला हा वीस-बावीस घरांचा पाडा, त्यामुळं सगळे बाहेर आले तरी फार गर्दी झाली नाही. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. एकटी सुषमा दुसरीकडं बघत होती.

सुषमा बुधीची लेक. पंधरा वर्षांची, जन्मापासून बहिरी. डहाणूला बहिऱ्या मुलांची निवासी शाळा आहे, तिथं ती दहावीत होती आणि सुट्टीला घरी आली होती. खळ्याच्या कडेला बसून ती भाऱ्यांचे बंद मोकळे करत होती. जमीन हलली तशी ती चटकन मागं वळली, हसली, उजवा हात वर केला आणि उठून घरामागं धावली. बुधी हातातलं शेण तसंच घेऊन तिच्या मागं गेली. घरामागं कोणी नव्हतं. पोरगी केळीच्या आड बघत होती, लाकडांच्या ढिगामागं बघत होती. मग तिचं तोंड उतरलं आणि ती परत येऊन कामाला बसली.

हे सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, कारण जमीन हलल्याचंच बोलायला एवढं होतं की पोरीचा विषय निघायला चार दिवस गेले.

जमीन थांबायला तयार नव्हती. दिवसातून दोनदा, कधी पाचदा. कधी नुसताच आवाज, पोटात भूक गुरगुरावी तसा, पण खालून. तलाठी येऊन गेला, मास्तर मोबाइलवर आकडे वाचून दाखवायचे. ज्यांची घरकुलाची पक्की घरं होती त्यांच्या भिंतींना चिरा गेल्या आणि ती माणसं ताडपत्रीखाली निजायला लागली. कुडाच्या घरात राहणाऱ्यांकडं बघून वर्षानुवर्षं नाकं मुरडली गेली होती, त्यांनी थोडं हसून घेतलं. बुधीचं घर कुडाचं होतं. तिला हसू आलं नाही.

कारण प्रत्येक वेळी पोरगी वळत होती. बाकीच्यांना कळायच्या आत वळायची. बायका पाण्याला उभ्या असल्या, आणि सुषमानं एकदम मान फिरवून घराकडं बघितलं, की त्यांच्या हातातला हंडा सुटायचा. मागोमाग जमीन हलायचीच. बहिऱ्या माणसाला तळपायानं ऐकू येतं, हे त्या बायकांना कोण सांगणार? त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला. आधी ही बघते, मग जमीन हलते. म्हणजे हिला कोणीतरी बोलावतं.

पोरगी का वळते हे बुधीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर ती गप्प होती.

पोरगी घरामागं कोणाला शोधते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिचा नवरा लाहू खलाशी. नारळी पुनवेनंतर तो ओख्याला जायचा, गुजरातच्या शेठच्या बोटीवर, आणि बोटी किनाऱ्याला लागल्या की जेठात परत यायचा. तालुक्यातले निम्मे गडी असेच जातात. परत आला की तो कधी पुढच्या अंगानं घरात शिरला नाही. घरामागं जाऊन दोनदा पाय आपटायचा आणि लपायचा. आत मातीवर बसलेल्या पोरीला ते कळायचं. ती धावत जायची, बापाला केळीमागून ओढून काढायची, आणि दोघंही बिनआवाजाचं हसायची. तिची आवाजाशिवायची हसण्याची रीत लाहूनं उचलली होती.

दोन वर्षांमागं, थंडीत, त्याची बोट परत आली नाही. सात माणसं होती. तिघांची प्रेतं मिळाली, लाहू त्यांत नव्हता. शेठचा निरोप आला की आशा धरू नका. पण मागून दुसऱ्या बोटीवरचा कोणी सांगत आला की त्याच रात्री पलीकडच्या देशाची लाँच फिरत होती, माणसं उचलून नेलीही असतील. बुधीनं दुसरा निरोप धरला आणि पहिला सोडून दिला. तसं पलीकडच्या तुरुंगातून तीन-चार वर्षांनी सुटून आलेली माणसं तालुक्यात आहेत. हडकलेली येतात, पण येतात. त्यामुळं तिनं लाहूचे दिवस घातले नाहीत, हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत, आणि नव्या भाताच्या वेळी घरातल्या मेलेल्यांसाठी पानं मांडतात तेव्हा सासू-सासऱ्यांची दोन मांडली, तिसरं मांडलं नाही. पाड्यानं दोन वर्षं समजून घेतलं.

आता जमीन हलायला लागल्यावर समजून घेणं अवघड झालं.

झोडणी आमच्याकडं एकट्यानं होत नाही. आज माझ्या खळ्यावर सगळे, उद्या तुझ्या. माणूस मधे फळी आडवी टाकतो, भारा डोक्यावरून फिरवून तिच्यावर आपटतो, दाणे उडतात, बायका गोळा करतात. बुधी आणि सुषमा दोघी चार खळ्यांवर राबून आल्या होत्या. पाचवा दिवस बुधीच्या खळ्याचा. सकाळी तिनं चहाचं मोठं पातेलं ठेवलं, भाकऱ्या थापल्या आणि वाट बघत बसली. उन्हं चढली. समोरच्या वाटेनं दोघं-तिघं गेले, पण विळे कमरेला लावून, गवत कापायला. कोणी मान वर केली नाही. चहाला साय धरली. सुषमानं आईकडं बघितलं आणि बोटांनी विचारलं, माणसं कुठं? बुधीनं हात उडवला. मग दोघींनीच फळी टाकली.

बाईनं भारा झोडायचा म्हणजे खांदे भरून येतात. दुपारपर्यंत दोघींचे तळहात सोलले आणि एवढ्याशा भाताची रास झाली. ढिगातले भारे कमी झाल्यासारखे वाटत नव्हते. मधेच जमीन हलली. सुषमानं हातातला भारा टाकला आणि घरामागं गेली. परत आली तेव्हा तिनं आईचा हात धरून तिकडं ओढलं, केळीकडं बोट केलं आणि आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली. लाहूच्या कानात बाळी होती. पोरीनं बापाचं नाव तसंच ठेवलं होतं.

बुधीनं हात सोडवून घेतला. मनात ती म्हणाली, तू जिता असशील तर इथं पाय कोण आपटतंय? आणि मेला असशील तर मला का नाय बोलवत, पोरीलाच का? ती नवऱ्यावर चिडली होती, दोन वर्षांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी दीर आला. धाकल्या नाव, लाहूचा पाठचा. उंबरगावला कंपनीत जायचा, माणूस वाईट नव्हता. त्याची बायको रुपल सातव्या महिन्यात होती आणि चिरा गेलेल्या घरासमोर ताडपत्रीखाली पडून असायची. जमीन हलली की दोन्ही हातांनी पोट धरायची. धाकल्याबरोबर चिमण भगत होता. त्यानं सुपात तांदूळ घेतले, दोन-दोन दाणे बाजूला सारले, बराच वेळ ओठ हलवले. भगताला अर्धं खरं कळतं, उरलेल्या अर्ध्यासाठी कोंबडं लागतं असं लाहू म्हणायचा. या वेळी भगतानं कोंबडं मागितलं नाही. म्हणाला, माणूस उपाशी आहे. त्याला घर नाही, पान नाही, म्हणून पोरीला हाका मारतो. पान मांडा, दिवस घाला, तो गप्प होईल.

"आनि नाय घातले तर?" बुधीनं विचारलं.

"तर पोरीला घेऊन जाईल," भगत म्हणाला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, त्यालाही पोरीचं वाईट वाटत होतं.

धाकल्या खाली बघत बोलला. दिवस घालेपर्यंत पोरीला शाळेत पाठवू नको. वाटेत काही झालं तर? आणि तोपर्यंत खळ्यावर कोणी येणार नाही, मी सांगितलं तरी येणार नाहीत. मग त्यानं वर बघितलं.

"वयनी, माझा भाऊ हाय तो. मला काय हौस हाय त्याला मारायची?"

बुधी म्हणाली, मी त्याला मरू देणार नाही. त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं.

शाळा उघडायचा दिवस आला आणि गेला. सुषमानं तिची पत्र्याची पेटी भरून दाराशी आणून ठेवली होती. कानाच्या यंत्राच्या सेलची डबी, दहावीची पुस्तकं, नीळ घातलेला गणवेश. आईनं पेटी उचलून माळ्यावर ठेवली. पोरीनं ती पुन्हा उतरवली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा बुधीनं पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. सुषमा पेटीवरच बसून राहिली, जेवली नाही. मार्चात परीक्षा होती. पाड्यात दहावीपर्यंत पोचलेली ती दुसरी मुलगी. पहिली दोन विषयांत राहिली होती आणि ती ऐकू येणारी होती.

शाळेतून फोन आले. बुधीनं उचलले नाहीत, कारण काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं. जमीन हलते म्हणून पाठवत नाही म्हणावं तर डहाणूही हलत होतं. खरं सांगावं तर लाहूचं सांगावं लागलं असतं, आणि शाळेला तिनं लाहूचं काहीच सांगितलेलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहायचं का असं कोणी विचारायला नको म्हणून ती स्वतः कधी गेलीच नाही, अंगठा उठवून फॉर्म धाकल्याकडं द्यायची. पालकांच्या सभेला तर ती पहिल्यापासून गेली नव्हती. ते काम लाहूचं होतं. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, तेव्हा दर शनिवारी तो डहाणूला जायचा आणि बाई जे हात, म्हणजे हातांच्या खुणा, शिकवतील ते शिकून यायचा. बारा बायकांत तो एकटा बाप. बुधी त्या वेळी कोणाच्या तरी आवणात, भातलावणीला, वाकलेली असायची.

आठवड्यानं दुपारी बुधी एकटी झोडत होती. सुषमा पाठमोरी बसून दाणे गोळा करत होती. खळ्याच्या कडेला कोणीतरी दोनदा पाय आपटला.

धप्, धप्.

बुधीच्या हातातला भारा फळीवर न पडता तिच्याच पायावर पडला. सुषमा वळली, हात वर केला. आणि या वेळी तिथं माणूस होता. निळ्या साडीतली, चपला हातात घेतलेली एक बाई, घामाघूम झालेली.

त्या निर्मला बाई, सुषमाच्या वर्गशिक्षिका. मूळच्या नरपडच्या, कोळ्याच्या घरातल्या. तलासरीहून जीपनं आणि पुढं चालत आल्या होत्या. सुषमा त्यांच्या कमरेला बिलगली. बुधीनं मात्र बाईंना बसायलाही सांगितलं नाही. विचारलं, तुम्ही पाय का आपटला?

बाईंना प्रश्नाचं नवल वाटलं. आमच्याकडं असंच बोलावतात, त्या म्हणाल्या. वर्गात लाकडी फळ्या घातल्या आहेत खाली. हाक मारून उपयोग नाही, म्हणून पाय आपटायचा, मुलं वळून बघतात. हजेरीलाही तसंच. ज्याच्याकडं बघून पाय आपटला त्यानं हात वर करायचा. सुषमाच्या वडिलांना ते फार आवडलं होतं, म्हणाले होते घरी जाऊन करतो.

बुधी खाली बसली. तिला वाटत होतं ही युक्ती लाहूची, त्याच्या डोक्यातून निघालेली. ती शाळेची निघाली. एवढ्याशा गोष्टीनं तिला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी थोडं हलकंही वाटलं.

मग तिनं सगळं सांगितलं. बोट, तीन प्रेतं, लाँच, न मांडलेलं पान, भगताचे तांदूळ, आणि जमीन हलली की पोरगी काय करते ते. सांगून झाल्यावर बाई सुषमासमोर बसल्या आणि हातांनी तिला विचारायला लागल्या. त्या दोघींचे हात एवढ्या वेगानं चालत होते की बुधीला त्यातली फक्त कानाची पाळी ओळखता आली. ती पुन्हा पुन्हा येत होती.

शेवटी बाईंनी हात मांडीवर ठेवले.

"बुधीताई, तिला काही दिसत नाही हो. तिला वाटतंय बाबा घरी आलेत. रोज येतात, पाय आपटतात आणि लपतात. पूर्वी सापडायचे, आता सापडत नाहीत. ती मला विचारतेय, बाबा माझ्यावर रागावलेत का?"

बुधी तळव्यावरची सोललेली कातडी ओढत राहिली.

"तुम्ही तिला सांगितलंच नाहीत?"

"कसं सांगू?" बुधी म्हणाली. "माझ्याकडं हात कुठं हायत?"

हे अगदी खरं होतं. आईला आणि लेकीला जेव, झोप, पाणी, भारा, चल, नको एवढं येत होतं. दोन वर्षं पोरीनं कानाची पाळी धरली की बुधी पश्चिमेला बोट करायची, जसं लाहू असताना दरवर्षी करायची. पोरगी समजायची, पावसाळा आला तरी अजून बोटीवरच आहे. लबाडी करायची म्हणून बुधीनं हे केलं नव्हतं. पण माणसाला जे सांगायचं नसतं ते सांगायला हात नसले की बरंच वाटतं, हेही तितकंच खरं.

बाई म्हणाल्या, चूक माझीही आहे. दोन पावसाळे मी पालकांच्या वहीत लाहूंच्या नावापुढं गैरहजर, गैरहजर असं लिहीत गेले. नरपडची असून मला विचारावंसं वाटलं नाही. बोटीवरचा माणूस पावसाळ्यात गैरहजर असतो का कधी?

बुधी त्यांना म्हणाली, तुम्हीच सांगा आता पोरीला, तुम्हाला नीट येतं. बाई नको म्हणाल्या. शाळा पोरीला गणित शिकवेल, लिहायला शिकवेल, परीक्षेत जादा वेळ मिळवून देईल. बाप गेल्याचं घरानं सांगायचं. मी फक्त हात दाखवते.

त्यांनी दोन खुणा दाखवल्या. एक 'गेले'ची. उजवा तळवा छातीसमोर उभा धरायचा आणि हळूच आडवा करायचा. दुसरी 'माहीत नाही'ची. दोन्ही तळवे उघडून कडेला न्यायचे. कुठली करायची ते तुम्ही ठरवा, त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि उरलेले भारे झोडायला लागल्या. बुधीनं अडवलं तर म्हणाल्या, मासे वाळवणारीची मुलगी आहे मी, खांदे आहेत मला. त्यांना झोडणी येत नव्हती, निम्मे दाणे खळ्याबाहेर जात होते. पण बऱ्याच दिवसांत त्या खळ्यावर तिसरं माणूस उभं राहिलं होतं.

बुधी झोडता झोडता मधेच थांबून दोन्ही खुणा करून बघत होती. सोललेल्या तळव्यांना ओढ बसत होती. माहीत नाही ही खूण सोपी होती आणि खरीही होती. ती केली तर लाहू होता तसाच राहिला असता. पण मग पोरगीही होती तशीच राहिली असती. जन्मभर, जिथं जमीन हलेल तिथं मागं वळून बघत, बाप रागावला म्हणून मनाला लावून घेत. बुधीनं स्वतःची दोन वर्षं अशीच काढली होती आणि ती कशी असतात हे तिला ठाऊक होतं.

"गेला म्हटलं आनि उद्या तो आला तर?" तिनं विचारलं.

बाईंनी भारा खाली ठेवला. "तर मी स्वतः येऊन तिला सांगेन, की आई चुकली होती."

उन्हं कलल्यावर बुधीनं सुषमाला खळ्याच्या मधोमध समोर बसवलं. निर्मला बाई उठल्या, चार पावलं लांब गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. हातांचं बोलणं बघितलं म्हणजे ऐकलं, आणि हे ऐकायचा हक्क त्यांचा नव्हता.

बुधीनं कानाची पाळी धरली. पश्चिमेकडं बोट केलं. पाण्याची खूण तिला येत होती, ती केली, मोठं पाणी. मग तळवा छातीसमोर उभा धरला. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि तो आडवा केला.

सुषमानं त्या तळव्याकडं बघितलं. तिनं जमिनीवर हात आपटला, दोनदा, आणि भुवया उंचावल्या. मग हे कोण करतं?

बुधीनं माती मुठीत उचलून तिच्यापुढं धरली. जमीन.

पोरीनं दोन्ही हात उलटे केले. कधी?

बुधीनं दोन बोटं दाखवली. दोन दिवस नाहीत, दोन महिने नाहीत हे कळावं म्हणून तिनं भाताच्या राशीकडं हात केला, एक पीक, दुसरं पीक.

सुषमा उठली. तिचे हात एकदम सुटले. ती आईच्या तोंडासमोर भराभर, तोडून तोडून काहीतरी सांगत होती, बोटं एकमेकांवर आपटत होती, घशातून एक आवाज येत होता जो तिला स्वतःला ऐकू येत नव्हता. बुधीला एक अक्षर कळलं नाही. एवढंच कळलं की ते तिलाच उद्देशून आहे आणि ते बरोबर आहे. मग पोरगी घरात गेली आणि पेटीवर जाऊन बसली.

बुधीनं बाईंना हाक मारली. विचारलं, काय बोलली ती?

बाई वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी बघितलं नाही हो," त्या म्हणाल्या. "मी पाठ केली होती."

सुषमा तेव्हा आईला काय बोलली ते बुधीला कधीच कळलं नाही. पुढं तिला बरेच हात यायला लागले, पण ते विचारायचं तिला धाडस झालं नाही.

बाई त्या दिवशी मुक्कामाला राहिल्या, कारण शेवटची जीप गेली होती. सकाळी बुधी धाकल्याकडं गेली आणि म्हणाली, आज नवं भात शिजवते, पान मांडते, दिवस पुढं तू म्हणशील तेव्हा घालू. धाकल्या आपलं जेवणाचं ताट ठेवून उठला आणि सरळ तिच्या खळ्यावर येऊन फळी पुसायला लागला. त्याला बघून समोरच्या घरातले दोघं आले, मग आणखी चार. चिमण भगतही आला. दुपारपर्यंत सगळे भारे झोडून झाले. जे काम दोघींना महिनाभर पुरलं असतं ते एका सकाळीत संपलं, आणि याचं बुधीला बरं वाटण्याऐवजी रडू आलं. एवढंसंच होतं तर एवढे दिवस का?

नवं भात कांडून तिनं शिजवलं. ओटा सारवून पळसाची पानं मांडली. एक सासऱ्याचं, एक सासूचं. तिसरं पान हातात घेऊन ती जरा थांबली. मग तेही मांडलं आणि त्यावर भात, उडदाची डाळ आणि एक सुका बोंबील ठेवला, लाहूला भात बोंबलाशिवाय जायचा नाही म्हणून. रुपलला आणून पडवीत टेकून बसवलं होतं. सुषमा गणवेश घालून तयार होती, पेटी दाराशी होती, जेवणं झाली की बाईंबरोबर ती जायची होती. सकाळपासून तिनं आईकडं बघितलं नव्हतं.

तिसरं पान बघून ती जवळ आली. आईला विचारलं, हे कोणाचं? बुधीनं कानाची पाळी धरली.

मेलेल्यांना पानावर बोलवायची रीत आहे. घरातला मोठा माणूस नाव घेतो, या, जेवा म्हणतो. धाकल्यानं आई-बापाचं नाव घेतलं. भावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण त्याचा आवाज फुटेना. तो तसाच उभा राहिला आणि सगळे खाली बघत होते.

सुषमाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. पण थांबलेलं काम तिला कळलं. ती ओट्यावरून खाली उतरली, घरामागच्या केळीकडं तोंड केलं आणि अनवाणी पाय जमिनीवर आपटला. दोनदा.

कोणी हललं नाही. कावळा यायची वाट बघतात तसे सगळे उभे होते, भगतसुद्धा. पानावरच्या भातातून वाफ निघत होती.

आणि जमीन गुरगुरली. मोठी नव्हती, रोजच्यासारखीच, पण पायाला कळेल एवढी. पडवीत रुपलनं पोट धरलं. सगळ्यांनी एकदम सुषमाकडं बघितलं. ती घरामागं धावली नाही. तळवा मातीवर टेकवून तिनं निर्मला बाईंकडं बघितलं आणि शांतपणे खूण केली, जमीन. मग दाराशी जाऊन पेटीचं कडं धरलं.

धाकल्यानं श्वास सोडला. काहीतरी बोलावं म्हणून तो भावजयीकडं वळला.

बुधी ओट्यावर नव्हती. हातात भाताची पळी तशीच धरून ती घरामागं गेली होती आणि केळीच्या आड वाकून बघत होती.